जर्मन डॉक्टरांच्या मागावर, शारजापर्यंत

लोक दुबईला सोनं बघायला जातात, उंच इमारती बघायला जातात, निदान वाळवंटात उड्या मारणाऱ्या जीपमध्ये बसून पोटातलं बाहेर काढायला तरी जातात. मी गेले ती सतराव्या शतकात वारलेल्या एका जर्मन डॉक्टरासाठी. कोल्हापुरात आमच्या सोसायटीत हे सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी आजारी माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि येताना खजूर आणायला सांगितले.

या डॉक्टरांचं खरं नाव उच्चारायला गेलं की माझी कवळी सैल होते, म्हणून मी त्यांना ‘आमचे डॉक्टर’ म्हणते. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. दरवर्षी मुलांना घेऊन वेंगुर्ल्याच्या खाडीवर जायची. वेंगुर्ल्याला डचांची पडकी वखार आहे, आणि त्या वखारीत एक जर्मन वैद्य झाडपाला गोळा करत राहून गेला असं एका जाडजूड लॅटिन ग्रंथात वाचल्यापासून हा माणूस माझ्या मानगुटीवर बसला. निवृत्त झाल्यावर मी त्यांचं चरित्र लिहायला घेतलं. ते अजून चालू आहे. डॉक्टर जेवढं जगले त्याहून माझं लिहिणं लांबेल अशी चिन्हं आहेत.

त्यांची कर्मकथा थोडक्यात अशी. जर्मनीतल्या एका गावात त्यांनी दवाखाना काढला. रोगी बरे होईनात. अशा डॉक्टरांना डचांच्या जहाजांवर चांगली मागणी असे, कारण भर समुद्रात रोग्याला दुसऱ्या डॉक्टरकडे जायची सोय नसते. जहाज आखाताच्या तोंडाशी आलं तेव्हा सगळे खलाशी ठणठणीत होते आणि तापानं फणफणले होते एकटे डॉक्टर. पाणी भरायला जहाज थांबलं, तसं कप्तानानं त्यांना किनाऱ्यावर उतरवलं, प्रकृतीची काळजी घ्या असं बहुधा म्हणाला, आणि शिडं उभारून निघून गेला. तिथल्या एका कोळ्याच्या घरानं त्यांना झावळ्यांच्या झोपडीत ठेवलं, कसले कसले काढे पाजले, महिनोन्‌महिने खाऊ घातलं आणि पायावर उभं केलं. बरे झाल्यावर आमच्या डॉक्टरांनी ग्रंथात लिहिलं की या लोकांना वैद्यकाचं काहीच ज्ञान नाही.

हा किनारा म्हणजे आजच्या शारजाच्या अमलाखालचं कल्बा, असं माझं अनुमान आहे. त्यामुळं माझ्या धाकट्या भावाचा, दिलीपचा, ‘इकडं ये’ असा शारजाहून फोन आला तेव्हा मला नाही म्हणवेना.

अल मजाज

दिलीप बायको-मुलीसह अल मजाजला राहतो. खाली खालिद लगून, म्हणजे समुद्राचंच आत शिरलेलं पाणी, आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या इमारती. लगून दिसण्याचं भाडं वेगळं असतं. दिलीपच्या बाल्कनीतून मान पूर्ण डावीकडे वळवली तर ते दिसतं, आणि त्यानं ते मला पहिल्याच संध्याकाळी दाखवलं. दोन दिवस मान अवघडली होती.

मला बोलावण्यामागं दोन हेतू होते. एक, तिथल्या मराठी मंडळात मी डॉक्टरांवर व्याख्यान द्यावं. दुसरा त्यानं जेवताना उघड केला. त्याची मुलगी सानिका बारावीला होती आणि तिनं डॉक्टर व्हायला जर्मनीला जावं असं त्यानं ठरवलं होतं. “ॲक्च्युअली तिकडं एज्युकेशन ऑलमोस्ट फुकट आहे,” तो म्हणाला. “तू जर्मनीबद्दल बोललीस की ती इन्स्पायर होईल.” मी त्याला आठवण करून दिली, की माझा जर्मन जर्मनीतून पळून आलेला होता. दिलीपनं त्याकडं लक्ष दिलं नाही. तो लहानपणापासून असाच आहे.

सानिका शारजातच जन्मली. आपण मराठीत विचारावं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यावं, मध्येच ‘चला’ऐवजी ‘यल्ला’ आणि ‘खलास’ पेरावं, असा संवाद चाले. शुभांगी, माझी भावजय, तिच्यावर मराठी संस्कार व्हावेत म्हणून फार झटलेली होती. परिणामी मुलीला संपूर्ण अथर्वशीर्ष पाठ होतं आणि ‘पाणी दे’ म्हणता येत नव्हतं, किंवा येत असून ती म्हणत नव्हती. मला दुसरं जास्त खरं वाटतं.

देरा

तिसऱ्या दिवशी मी एकटीनं आधी बस, मग मेट्रो पकडून दुबईतल्या देऱ्याला गेले. तिथल्या मसाल्यांच्या बाजारात जुन्या औषधी काष्ठांची दुकानं आहेत, डॉक्टरांना पाजलेल्या काढ्याचा माग तिथं लागेल अशी माझी समजूत होती. ग्रंथातलं वर्णन मी एका दुकानदाराला हिंदीत ऐकवलं: राखाडी पान, कडू चव, जुन्या चामड्यासारखा वास. त्यानं अतिशय अदबीनं मला केशर दाखवलं. पुढच्यानंही केशर दाखवलं. तिसऱ्यानं ‘मॅडम, वजन कम करने का है?’ असं विचारल्यावर मी संशोधन थांबवलं.

दिलीपचं ऑफिस तिथून चालत जाण्याजोगं होतं. त्याला जेवायला बाहेर काढावं म्हणून खाडीच्या कडेनं निघाले. धक्क्याला लाकडी गलबतं लागली होती. त्यांच्यावर फ्रीज, टायर, कांद्याची पोती असा सगळा संसार चढत होता. आणि समोरच्या बाकावर, इस्त्रीच्या शर्टात, डबा मांडीवर घेऊन माझा भाऊ बसला होता. भर कामाच्या वेळी.

मला बघून तो दचकला नाही. बाजूला सरकून त्यानं जागा केली आणि डब्यातली भेंडी पुढं केली. मग गलबतांकडं बघत त्यानं सांगितलं, की त्याचा विभाग बंद होणार आहे. जूनपर्यंत नोकरी आहे, पण काम आत्ताच संपलंय, म्हणून दुपारी तो इथं येऊन बसतो. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की सगळ्यांनी निघायचं. या वयात दुसरी नोकरी इन्शाल्ला मिळेल, असं तो म्हणाला. तीनच दिवसांत मी शिकले होते की इन्शाल्ला हा शब्द कुठल्या सुरात म्हटला तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो. हा तोच सूर होता.

“शुभांगीला माहीत नाही,” तो म्हणाला. “सानिकाची परीक्षा होईपर्यंत मला कुणालाच सांगायचं नाहीये. तू पण बोलू नकोस.”

मी कबूल केलं. भेंडी चांगली झाली होती. 

संध्याकाळी शुभांगीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं, कुकरची शिटी होण्याची वाट बघितली आणि शिटीच्या आडून सांगितलं की दिलीपची नोकरी चाललीय. त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी बायकोनं तिला केव्हाच सांगितलं होतं. दिलीपला वाटतं मला माहीत नाही, म्हणाली, तर त्याला तसंच वाटू दे, तो बिचारा माझ्यापासून लपवण्यात इतके कष्ट घेतोय. तिनं सोफा आणि कपाट विकायची बोलणीही करून ठेवली होती. सानिकाला मात्र यातलं अक्षर कळता कामा नये.

मी तिलाही वचन दिलं. एकाच गुपिताची दोन कुलपं आता माझ्याकडं होती आणि माझ्या स्वभावाला एकही झेपत नाही.

अल कुसैस

व्याख्यान शुक्रवारी संध्याकाळी दुबईतल्या अल कुसैसच्या एका सभागृहात होतं. गर्दी बघून मी चकित झाले. सतराव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्राबद्दल मराठी माणसाला इतकी ओढ असेल असं कोल्हापुरात कधी जाणवलं नव्हतं. मग मी दारावरचं पोस्टर वाचलं. ‘जर्मन डॉक्टर आणि वनौषधी,’ त्याखाली माझा फोटो. पुढच्या दोन रांगांमधल्या लोकांच्या हातात प्लॅस्टिकच्या फायली का होत्या, ते तेव्हा समजलं. ते रिपोर्ट घेऊन आले होते.

अध्यक्षांनी माझी ओळख ‘खास जर्मनीहून आलेल्या’ अशी करून दिली. मी दुरुस्ती केली. एका गृहस्थांनी आपली फाईल हळूच पायाशी ठेवली, पण ते उठून गेले नाहीत, कारण बटाटेवडे व्याख्यानानंतर होते.

मी बोलले. आमचे डॉक्टर कल्ब्याहून दुसऱ्या जहाजानं वेंगुर्ल्याला कसे पोचले, वखारीत वर्षानुवर्षं राहून त्यांनी कोकणची झाडं कशी टिपली, आणि तो ग्रंथ युरोपात पोचल्यावर एका प्राध्यापकानं त्यातली निम्मी झाडं स्वतःच्या नावावर कशी करून घेतली, हे सगळं सांगितलं. शेवटी डचांनी त्यांना सन्मानानं मायदेशी परत बोलावलं. डॉक्टरांनी नकार दिला आणि ते वेंगुर्ल्यातच वारले.

प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न मधुमेहावर आला, दुसरा गुडघ्यांवर. तिसऱ्या प्रश्नकर्त्यांनी मात्र खरंच ऐकलेलं दिसलं. “एवढा क्वालिफाइड माणूस,” ते म्हणाले, “परत का नाही गेला? सेटल व्हायला शेवटी वेंगुर्लं?”

सभागृह खदखदून हसलं. त्या हसणाऱ्यांत एकही माणूस असा नव्हता जो स्वतःच्या गावी राहत होता. मी गंभीर चेहरा करून माझा सिद्धान्त मांडला, की विज्ञानासाठी, अपुऱ्या राहिलेल्या कामासाठी त्यांनी मायदेशाचा त्याग केला. टाळ्या झाल्या. शेवटच्या रांगेत सानिकानं फोनमधून मान वर काढली, माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

दिलीप घरी येताना गाडीत फार खूश होता. बघ, एका जर्मन डॉक्टरसाठी हॉल भरतो, असं त्यानं मुलीला सांगितलं. सानिका खिडकीबाहेर बघत राहिली. शारजाच्या हद्दीवर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती, त्यामुळं तिला बघायला भरपूर वेळ मिळाला.

कल्बा

कल्ब्याला मला सानिकानं नेलं. तिला नुकतंच लायसन्स मिळालं होतं आणि ती गाडी चालवते हे घरात शुभांगी सोडून सगळ्यांना आवडत असे. शहर मागं पडलं, लाल वाळू आली, वाळूत उभी असलेली घाफची झाडं आली. घाफ म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आम्ही जिची चार पानं मिळवायला गावभर हिंडतो, ती इथं उंटांना खायला उभी आहे. सानिकाला हे सांगितलं. तिनं उंट कुठं उभा आहे ते दाखवलं. मग काळेकुळकुळीत डोंगर आले, बोगदे आले, आणि शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर खाली समुद्र दिसला.

तिवरांचं राखीव वन पाण्याच्या काठानं लांबवर पसरलं आहे. आत जायला आधी नाव नोंदवावं लागतं, हे आम्हाला तिथं पोचल्यावर कळलं. एवढ्या वर्षांच्या अभ्यासात हा मुद्दा माझ्या नजरेतून निसटला होता. रखवालदार फार सभ्य होता. त्यानं ‘सॉरी माँ’ म्हणून आम्हाला बसायला सावली दाखवली. तेव्हा कुंपणाबाहेर खाडीच्या कडेला जी झाडं होती, त्यांच्यावर आम्ही भागवलं.

तीच तिवरं. वेंगुर्ल्याच्या खाडीतली. तसाच चिखल, चिखलातून बोटांसारखी वर आलेली तशीच श्वासमुळं. जमिनीखाली हवा नाही म्हणून मुळांनी डोकं वर काढायचं आणि अंगातलं मीठ पानांवाटे बाहेर टाकायचं, असा या झाडाचा संसार असतो. मी पान सानिकाच्या पुढं धरलं आणि चाटायला सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं जीभ लावली आणि तोंड वाकडं केलं. “इट्स लाइक चिप्स,” ती म्हणाली. माझ्या एकाही विद्यार्थ्यानं इतकं अचूक वर्णन केलेलं नाही.

राखाडी पानाची कडू वनस्पती मला सापडली नाही. मी बरंच हिंडले, दोनदा चिखलात रुतले, एक चप्पल कायमची अमिरातीला दिली. शेवटी आम्ही रस्त्याच्या कडेच्या एका दुकानापाशी बसलो. सानिकानं करक चहा, म्हणजे आपला दुधाचा कडक चहाच, आणि लुगेमात मागवले. लुगेमात म्हणजे आपले गुलगुलेच, फक्त खजुराच्या पाकात बुडवलेले, आणि आपण ज्या संयमानं गुलगुले खातो तो यांच्या बाबतीत राहत नाही.

तिथं सानिकानं विचारलं, की तो डॉक्टर सायन्ससाठी राहिला असं मला खरंच वाटतं का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, पण तूच सांगितलंस की परत बोलावलं तेव्हा ग्रंथ छापून झाला होता. मग काम कुठलं राहिलं होतं?

हा प्रश्न आजवर मला कुणीच विचारला नव्हता, कारण माझं लिखाण आजवर कुणीच वाचलं नव्हतं. मी शास्त्रज्ञाची तळमळ वगैरे काहीतरी बोलले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, तिला वाटतं त्याला तिथं राहायचं होतं, बस. त्याचे लोक तिथं होते. जर्मनीत त्याला ओळखणारं कोण उरलं असणार?

मला राग आला. चरित्रकाराला पुराव्याशिवाय असं लिहिता येत नाही. माझ्या सिद्धान्तालाही पुरावा नव्हता, ही गोष्ट मी तिच्यापुढं काढली नाही.

मग चहाचा कागदी कप बोटांनी फिरवत तिनं मला तेच सांगितलं जे मला आधी दोनदा सांगितलं गेलं होतं. तिला कसं कळलं ते मी विचारलं. बाबा घरी येऊन मॅनेजरला शिव्या द्यायचे, ती म्हणाली, त्या बंद झाल्या. आई कपाटाचे फोटो काढत होती. आणि आता कुणी तिला अभ्यास कर म्हणत नव्हतं, फक्त बदाम देत होते.

जर्मनीचा तिनं विचारही केलेला नव्हता. शारजातल्याच एका विद्यापीठात पर्यावरणशास्त्राला तिनं अर्ज केला होता आणि तिला प्रवेश मिळाला होता, अर्धी फीही माफ होती. विद्यापीठ विद्यार्थ्यांचा व्हिसा काढतं. होस्टेल होतं. आई-बाबा गेले तरी ती राहू शकत होती.

“डोन्ट टेल देम, आत्या,” ती म्हणाली. “प्लीज. आय विल.”

मी तिसरं वचन दिलं.

पुन्हा अल मजाज

त्या रात्री जेवायला सुरमई होती. दिलीपनं काटे काढता काढता जर्मन भाषेच्या क्लासचा विषय काढला. शुभांगीनं सानिकाला बदाम खाल्लेस का विचारलं. सानिका भाताकडं बघत होती. मी तोंडात घास ठेवला होता, तो गिळला आणि माझ्याच्यानं पुढं राहवेना.

“दिलीप, पुरे,” मी म्हटलं. “तुझी नोकरी जूनमध्ये संपतेय हे शुभांगीला माहीत आहे. तिला माहीत आहे हे सानिकाला माहीत आहे. या इमारतीत ज्याला माहीत नाही असा आता फक्त खालचा वॉचमन उरलाय.”

“वॉचमनला मी सांगितलंय,” शुभांगी म्हणाली. “तो फ्रीज घेणार आहे.”

कुणी हसलं नाही. दिलीपनं काटा ताटाच्या कडेला ठेवला. बायकोकडं बघितलं, मग मुलीकडं. त्याचा चेहरा धक्क्यावर होता त्याहून मोकळा वाटला, किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं. पण सानिकानं ती वेळ साधली आणि आपलं सगळं सांगून टाकलं, विद्यापीठ, होस्टेल, व्हिसा. तिच्या प्रत्येक वाक्यासरशी तो पुन्हा मिटत गेला.

“एकटी?” तो म्हणाला. “अठरा वर्षांची मुलगी, एकटी, परदेशात?”

“परदेश कुठला, बाबा?” सानिका म्हणाली. मराठीत म्हणाली, सावकाश, शब्द तपासून. “मी इथली आहे. तुम्ही परदेशात होता.”

दिलीप उठून बाल्कनीत गेला. त्यानं मान डावीकडं वळवली नाही. समोरच्या इमारतीतल्या कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांकडं बघत तो उभा राहिला. शुभांगीनं त्याचं ताट झाकलं, मग तिला काय वाटलं कोण जाणे, झाकण काढून त्यावर आणखी भात वाढला. बऱ्याच वेळानं तो येऊन बसला.

“होस्टेलचं जेवण तुला चालणार नाही,” तो भात कालवत म्हणाला.

शुभांगीनं माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं संसार केल्यावर कुठल्या वाक्याचा काय अर्थ हे तिला कळतं. मला मात्र तो परवानगी देतोय की भांडायला सुरुवात करतोय ते समजलं नव्हतं.

विमानतळावर सोडायला तो एकटाच आला. माझ्या बॅगेत सोसायटीसाठी खजूर होते. बॅग पट्ट्यावर चढवताना तो म्हणाला, “तू तिला समजवायला आली होतीस, ताई.” मी वजनकाट्यावरचा आकडा वाचला. 

दिलीप आणि शुभांगी आता पुण्यात आहेत. फार पूर्वी घेऊन ठेवलेल्या आणि कधीच न वापरलेल्या फ्लॅटमध्ये. पहिले काही आठवडे दिलीप झेब्रा क्रॉसिंगवर गाड्या थांबण्याची वाट बघत उभा राहायचा. एकदा एका रिक्षावाल्यानं उतरून त्याला तब्येत बरी आहे का विचारलं. आता तोही मध्येच घुसतो. चरित्रात मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. त्यागाचं सगळं खोडलं आणि डॉक्टर परत का गेले नाहीत याचं कारण आढळत नाही, एवढंच ठेवलं. प्रकरण दीड पानाचं उरलं आणि पहिल्यांदाच वाचण्याजोगं झालं.

सानिका होस्टेलवर आहे, जेवणाबद्दल तिची तक्रार नाही. रविवारी फोन येतो. मागच्या रविवारी दिलीपनं तिला विचारलं, घरी कधी येतेस.

“मी घरीच आहे, बाबा,” ती म्हणाली.

दिलीप मला म्हणाला, पुढचं काही नीट ऐकू आलं नाही, लाइन खराब होती. शुभांगी त्याच्या शेजारीच बसली होती. तिला सगळं स्वच्छ ऐकू आलं.